धान्यातली कीड रसायनाशिवाय कशी रोखायची? वाळवण, हवाबंद साठवण आणि ओलावा मोजायची सोपी पद्धत

पावसाळा सुरू झाला की गावाहून आणलेल्या तांदळात दोन-तीन आठवड्यांत सोंडे फिरायला लागतात. मग कुणी पाऱ्याच्या टिकड्या टाकतं, कुणी बोरिक पावडर चोळतं, तर कुणी दुकानातून उग्र वासाच्या गोळ्या आणून पोत्यात ठेवतं. हे काहीही न वापरता कीड कशी रोखायची, कोणता उपाय नेमका का चालतो आणि कोणता फक्त ऐकीव आहे, ते या लेखात पाहू.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पण माझं गाव कुडपण, म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पोलादपूर तालुक्यातलं सह्याद्रीतलं डोंगरातलं गाव. भात, नाचणी, वरी ही इथली पिकं. या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच. २२ जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीला दरडी कोसळल्या, ते अनेकांना आठवत असेल. अशा मुलखात पावसाळ्याचं धान्य घरातच भरलेलं असावं लागतं आणि ते टिकावं लागतं. "संपलं तर दुकानातून आणू" हे दर वेळी शक्य होत नाही.

थोडक्यात उत्तर

- धान्य आधी नीट वाळवा. तृणधान्याचा ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास, कडधान्याचा ९ ते १० टक्के.
- वाळवलेलं धान्य पूर्ण थंड होऊ द्या, मग पावसाळ्याआधीच हवाबंद करा.
- वर्षाचा साठा आणि रोजचा डबा वेगळे ठेवा.
- भात शक्यतो तुसासकट ठेवा, लागेल तसं गिरणीतून काढा.

कारण समजलं की आपल्या घरात काय करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येईल. म्हणून आता थोडं खोलात जाऊ.

कीड येते कुठून?

"डबा तर घट्ट बंद होता, मग किडे आले कुठून?" हा प्रश्न सगळ्यांना पडतो. उत्तर असं की बहुतेक वेळा ते धान्याबरोबरच आलेले असतात.

तांदळातल्या सोंड्याची मादी सोंडेने दाण्याला बारीक भोक पाडते, आत एक अंडं घालते आणि भोक चिकट द्रावाने बुजवते. अळी दाण्याच्या आतच वाढते, आतच कोष होतो आणि पूर्ण वाढलेला किडा दाणा फोडून बाहेर येतो. ३० अंशांच्या आसपासच्या उबदार, दमट हवेत याला साधारण एक महिना लागतो. तोवर दाणा बाहेरून धडधाकट दिसतो.

म्हणूनच तांदूळ चाळून, पाखडून स्वच्छ केला तरी वीस-पंचवीस दिवसांनी परत किडे दिसतात. चाळणीतून फक्त मोठे किडे पडले, पुढची पिढी दाण्यातच राहिली.

आता आकडेमोड. अगदी अनुकूल हवामानात सोंड्यांची संख्या महिन्याला पंचवीसपटीपर्यंत वाढू शकते. जूनच्या सुरुवातीला पोत्यात १० किडे असले तर महिन्याने २५०, दोन महिन्यांनी ६,२५० आणि तीन महिन्यांनी दीड लाखाच्या वर. प्रत्यक्षात वेग कमी असतो, कारण जागा आणि खाणं संपत जातं. पण गणपतीपर्यंत पोत्याचं पीठ का होतं, ते यावरून कळेल.

घरात साधारणपणे ही मंडळी भेटतात:

- सोंड्या: तांदूळ, गहू, ज्वारीत. पुढे लांब सोंड असते.
- धान्य पोखरणारा भुंगेरा: बारीक, दंडगोल आकाराचा. हा भातातही शिरतो आणि सोंड्यापेक्षा जास्त उष्णता, कोरडेपणा सहन करतो.
- तांबडा भुंगेरा: पीठ, रवा, कणी यांत. अखंड दाणा याला सहसा फोडता येत नाही.
- कडधान्याचा भुंगेरा: मूग, चवळी, तूर, हरभरा यांत. दाण्यावर चिकटलेले पांढरे ठिपके म्हणजे याची अंडी. हा बऱ्याचदा शेतातूनच येतो.
- पतंग: याची अळी धान्यात किंवा पिठात वाढते. तांदळात, रव्यात जाळी झालेली दिसते ती तांदळाच्या पतंगाच्या अळीची.

नुकसान किती? लुधियानाच्या सिफेट या केंद्रीय संस्थेच्या २०१५ च्या अहवालानुसार कापणीपासून साठवणीपर्यंत देशात तृणधान्यांचं ४.६५ ते ५.९९ टक्के आणि कडधान्यांचं ६.३६ ते ८.४१ टक्के नुकसान होतं. यात सांडलवंड, उंदीर, बुरशी असं सगळंच धरलं आहे. पण घरात ठेवलेल्या बियाण्यात टक्केवारीचा हिशोब चालत नाही. अंकुर खाल्ला गेला की तो दाणा पेरणीतून बाद.

गोळ्या का नकोत?

उग्र वासाच्या त्या गोळ्या म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याशी संयोग झाला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. तो किड्यांना मारतो आणि माणसालाही मारतो. त्यावर उतारा नाही. म्हणूनच कायद्याने त्याचा वापर सरकारी यंत्रणा आणि प्रशिक्षित धुरीकरण करणाऱ्यांपुरता मर्यादित आहे. ज्या खोलीत माणसं झोपतात तिथे या गोळ्या ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात दारं-खिडक्या बंद असतात, त्यामुळे धोका आणखी वाढतो.

पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडर इतक्या झटपट घातक नसल्या, तरी पारा शरीरात साठत जातो आणि बोरिक पावडर पोटात जाणं चांगलं नाही. लहान मुलं असलेल्या घरात तर दोन्ही नकोच.

पहिली पायरी: ओलावा

किड्याला पाणी लागतं आणि ते त्याला धान्यातूनच मिळतं. धान्य जितकं कोरडं, तितकी त्याची वाढ मंद. शिवाय बुरशीचा प्रश्नही इथेच सुटतो.

जुनी माणसं दाणा दाताखाली धरून सांगतात. 'कट्' असा आवाज झाला तर वाळला. अनुभवी दाताला हे जमतं. आपल्यासारख्यांसाठी दोन सोप्या चाचण्या आहेत.

मिठाची चाचणी: काचेची कोरडी बाटली घ्या. त्यात मूठभर धान्य आणि दोन चमचे कोरडं मीठ घाला (मीठ आधी तव्यावर गरम करून थंड करा). झाकण लावून काही मिनिटं हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ बाटलीच्या काचेला चिकटलं, तर ओलावा साधारण १५ टक्क्यांच्या वर आहे. म्हणजे अजून वाळवायला हवं. चिकटलं नाही, तर त्याच्या खाली.

आर्द्रतामापकाची चाचणी: काही शे रुपयांत छोटा डिजिटल आर्द्रतामापक मिळतो. बरणी पाऊण भरेपर्यंत धान्य घाला, वर मापक ठेवा, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर सावलीत ठेवा. बंद बरणीतली हवा धान्याच्या ओलाव्याशी जुळवून घेते, त्यामुळे हवेची आर्द्रता म्हणजे धान्याच्या ओलाव्याचा अंदाज. तांदूळ किंवा भातासाठी नेहमीच्या तापमानाला ७० टक्के आर्द्रता म्हणजे साधारण १३.५ ते १४ टक्के ओलावा. आकडा ६० च्या आसपास आला तर उत्तम, ६५ च्या आत असला तर चालेल, ७० च्या वर गेला तर परत वाळवा.

मापक बरोबर दाखवतोय का, हे तपासायलाही मीठच उपयोगी. बाटलीच्या टोपणात मीठ घेऊन ते थोड्या पाण्याने ओलसर करा (विरघळू देऊ नका) आणि मापकाबरोबर बंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. आकडा ७५ च्या जवळ यायला हवा. तो ७९ दाखवत असेल, तर पुढच्या प्रत्येक मोजणीतून ४ वजा करा. ज्यांना हौस आहे त्यांनी डीएचटी२२ सेन्सर आणि ईएसपी३२ बोर्ड वापरून पिंपातली आर्द्रता मोबाईलवर बघावी. पण खरं सांगायचं तर घरच्या साठ्याला तयार मापक पुरतो.

दुसरी पायरी: ऊन आणि थंडी

किड्यांना २५ ते ३३ अंश तापमान मानवतं. ५० अंशांना ते काही तासांत मरतात, ५५ ते ६० अंशांना त्याहून बरेच लवकर. मे महिन्यात अंगणात धान्य पसरलं की वरचा थर तापतो, पण खाली गारवा मिळाला की मोठे किडे तिकडे किंवा अंगणाबाहेर पळतात. दाण्याच्या आतल्या अळ्याही काही प्रमाणात वाचतात.

यावर सोपी युक्ती आहे. आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये ती चवळीसाठी तपासून वापरात आणली गेली. खाली काळं प्लास्टिक, त्यावर दोन-तीन सेंटीमीटर जाडीचा कडधान्याचा थर, वरून पारदर्शक प्लास्टिक आणि कडा दगडांनी दाबलेल्या. आत काचघरासारखी उष्णता साठते. तापमान ५७ अंशांवर तासभर टिकलं, तर चवळीतल्या भुंगेऱ्याच्या सगळ्या अवस्था मरतात. कडक उन्हात दुपारच्या तीन-चार तासांत हे जमतं.

इथे चार गोष्टी लक्षात ठेवा:

- हे किडे मारण्यासाठी आहे, वाळवण्यासाठी नाही. झाकलेल्या धान्यातली वाफ बाहेर पडत नाही, म्हणून धान्य आधी उघड्यावर वाळवून घ्या.
- सडलेला तांदूळ कडक उन्हात ठेवू नका. दाण्याला तडे जातात आणि शिजवताना कणी होते. भात उन्हात वाळवा, तांदूळ सावलीत.
- भाताच्या बियाण्यासाठी झाकून तापवणं टाळा.
- गरम धान्य लगेच भरू नका. डब्यात ते थंड होताना आत पाणी सुटतं. सावलीत पूर्ण निवू द्या, पण रात्रभर उघड्यावर ठेवू नका.

मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये अंगण नसतं. तिथे थंडी वापरा. दोन-तीन किलोच्या पिशव्या करून उणे १८ अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवल्या की अंड्यांसकट सगळं मरतं. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका, नाहीतर धान्यावर दव धरतं.

तिसरी पायरी: हवा बंद करा

आपल्याकडची जुनी हवाबंद साठवण म्हणजे पेव. घाटावर ज्वारी जमिनीखालच्या पेवात ठेवायचे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं तर प्रसिद्ध आहेत (२००५ च्या महापुरात त्यांचं मोठं नुकसान झालं). तोंड बंद केल्यावर आतल्या जिवांच्या आणि धान्याच्या श्वसनाने प्राणवायू संपत जातो आणि कीड जगत नाही. याच कारणाने नुकत्याच उघडलेल्या पेवात उतरणं माणसाच्या जिवावर बेतू शकतं.

कोकणातल्या पावसात जमिनीत धान्य पुरणं शक्य नाही. म्हणून आमच्याकडे बांबूची, शेणामातीने सारवलेली कणगी. ती जमिनीपासून उंच राहते आणि धान्याला वारा मिळतो. पण तिच्यातून हवा खेळते, आणि पावसाळ्यातला दमटपणाही तिच्यातून आत येतो. पेवाचा फायदा कोकणात हवा असेल, तर आज त्यासाठी हवाबंद पिशवी आहे.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये यावर काम सुरू केलं. त्यातून 'पिक्स' ही तीन थरांची पिशवी तयार झाली. आत जाड पॉलिथिनच्या दोन पिशव्या, बाहेर नेहमीचं विणलेलं पोतं. या पिशवीत किडा फक्त गुदमरून मरत नाही. कोरड्या धान्यात राहणारा किडा अन्न आणि प्राणवायू यांपासून शरीरातच पाणी तयार करतो. प्राणवायू कमी झाला की हे पाणी बनणं थांबतं, त्याचं खाणं थांबतं आणि तो सुकून मरतो. धान्य कोरडं असणं आणि हवा बंद असणं, या दोन गोष्टी एकत्र लागतात त्या यासाठीच.

घरी करायची पद्धत:

१. पॉलिथिनच्या पिशवीत पाणी भरून गळती तपासा आणि पिशवी पूर्ण वाळवा.
२. एकात एक दोन पिशव्या घालून त्या पोत्यात बसवा.
३. धान्य दाबून भरा. वर मोकळी हवा जितकी कमी राहील तितकं चांगलं.
४. आतली पिशवी पिळून, दुमडून सुतळीने घट्ट बांधा. मग दुसरी वेगळी बांधा, मग पोतं.
५. पोतं लाकडी फळीवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. उंदराने एक भोक पाडलं तरी सगळी मेहनत वाया जाते. उंदरांचा त्रास असेल तर घट्ट झाकणाचं पिंप वापरा आणि ते काठोकाठ भरा.
६. निदान महिनाभर तरी उघडू नका.

ओलसर धान्य मात्र चुकूनही हवाबंद करू नका. ते आंबतं किंवा बुरशी धरतं.

मेणबत्तीची युक्ती चालते का?

"डब्यात मेणबत्ती लावून झाकण लावा, प्राणवायू संपतो" असा सल्ला फिरत असतो. हिशोब करून बघू. हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. मेणबत्ती साधारण १६ टक्क्यांवर विझते. किडे मारायला मात्र तो ३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली यावा लागतो, आणि तिथेच बराच काळ राहावा लागतो. म्हणजे मेणबत्ती विझते तेव्हा किडे मजेत असतात.

त्यापेक्षा लोहचूर्णाच्या प्राणवायू-शोषक पुड्या चालतात. लोखंड गंजताना प्राणवायू शोषून घेतं, इतकीच त्यामागची गंमत. पुडी धान्यात मिसळत नाही, तशीच बाहेर काढता येते. ५ किलो तांदूळ साधारण ६ लिटर जागा घेतो, त्यातली ४५ टक्के जागा म्हणजे जवळपास पावणेतीन लिटर हवा असते. तिच्यातला प्राणवायू सुमारे ६०० मिलिलिटर. म्हणजे ३०० सीसीच्या दोन पुड्या लागतील. वर रिकामी जागा असेल तर आणखी एक. ५० किलोच्या पोत्याला याच हिशोबाने वीस लागतील, म्हणून पुड्या लहान डब्यांसाठीच परवडतात.

राख, निंबाचा पाला, एरंडेल: खरं किती?

राख: चालते, पण चिमूटभर नाही. राखेचे कण दाण्यांमधल्या फटी भरतात, किड्याची हालचाल अडते आणि त्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडला जाऊन तो सुकतो. कडधान्याच्या बियाण्यासाठी चांगला उपाय. राख चाळलेली आणि पूर्ण कोरडी हवी.

एरंडेल किंवा खाद्यतेल: कडधान्याला किलोमागे ५ ते १० मिलिलिटर चोळा. दाण्यावर घातलेली अंडी तेलाच्या थराखाली गुदमरतात. भुंगेऱ्यावर हा उपाय खरोखर उपयोगी.

निंबाचा पाला: किड्यांना दूर ठेवतो, पण दाण्याच्या आत असलेल्या अळीला काही करत नाही. सावलीत वाळवलेलाच घाला. ओला पाला घातला तर उलट ओलावा वाढतो.

डाळ करून ठेवणं: कडधान्याचा भुंगेरा अखंड दाण्यावर अंडी घालतो. डाळीत तो फारसा वाढत नाही. खायचा साठा डाळीच्या रूपात ठेवा, बियाणं तेवढं अखंड.

भाताचं तूस आणि नाचणीचा आकार

"तुसात हाय तवर भात आपला, सडला की किड्याचा," असं आमची आजी म्हणते. यामागे कारण आहे. अखंड तूस सोंड्याला सहज भेदता येत नाही. तूस फुटलेले दाणे मात्र आधी बळी पडतात. म्हणून मळणीत दाणे फुटू न देणं आणि भात पाखडून ठेवणं हासुद्धा कीडनियंत्रणाचाच भाग. गिरणीतून एका वेळी महिनाभराचाच तांदूळ काढा.

नाचणी तर याबाबतीत राणी आहे. दाणा जेमतेम दीड मिलिमीटरचा. सोंड्याची अळी दाण्याच्या आत वाढते, आणि तेवढी जागाच तिथे नसते. नीट वाळवलेली नाचणी वर्षानुवर्षं टिकते. डोंगरी भागात अडचणीच्या काळासाठी ती राखून ठेवायचे, ते उगाच नाही. पण पीठ केलं की हे संरक्षण संपतं. पिठात तांबडा भुंगेरा येतो.

किड लागली का, हे लवकर कसं कळेल?

कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने यासाठी साधा सापळा तयार केला आहे. दोन मिलिमीटर भोकं असलेली नळी धान्यात उभी खुपसायची. किड्यांना मोकळ्या हवेकडे जायची सवय असते, ते भोकांतून आत शिरतात आणि खालच्या टोकाला असलेल्या नळीत पडतात. परत वर चढता येत नाही. आठवड्यातून एकदा काढून बघा. डोळ्यांना पोत्यात काही दिसायच्या आधीच सापळ्यात किडे सापडतात. उघड्या कणगीसाठी आणि रोजच्या डब्यासाठी हा उपयोगी. हवाबंद पिशवीला लागत नाही.

दुसरी खूण म्हणजे ऊब. पोत्यात हात घातल्यावर एखादी जागा गरम लागली, तर तिथे किडे किंवा बुरशी नक्की आहे.

वर्षाचं वेळापत्रक

- नोव्हेंबर-डिसेंबर: भात, नाचणी वाळवून, पाखडून ठेवणे.
- फेब्रुवारी-मार्च: वाल, कुळीथ आले की लगेच वाळवणे. भुंगेरा शेतातूनच आलेला असतो, इथे उशीर नको.
- एप्रिल-मे: सगळं पुन्हा ऊन दाखवणे, ओलावा तपासणे, कणग्या-पिंपं रिकामी करून फटी साफ करणे, जुनी कणी आणि कोंडा घराबाहेर काढणे.
- मृगाआधी: हवाबंद करणे. हवा दमट झाल्यावर भरलं तर तोच दमटपणा आत बंद होतो.
- जून ते सप्टेंबर: एका वेळी एकच पिशवी उघडणे. आधी भरलेली आधी संपवणे. नवं धान्य जुन्यात कधीही मिसळू नये.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आधीच कीड लागलेलं धान्य हवाबंद केलं तर चालेल का?
हो, धान्य कोरडं असेल तर. किडे जास्त असले की प्राणवायू उलट लवकर संपतो. आधी चाळून घ्या.

सोंडे लागलेला तांदूळ खावा का?
चाळून, निवडून, धुऊन खायला सहसा हरकत नाही. पण कुबट वास, बुरशी किंवा गोळे दिसले तर तो माणसांनाही नको आणि जनावरांनाही नको.

रोजच्या डब्याचं काय?
तो दर वेळी उघडतो, त्यामुळे हवाबंद साठवण तिथे लागू पडत नाही. डबा लहान ठेवा, पंधरा दिवसांत संपेल इतकंच भरा, आणि परत भरण्याआधी धुऊन उन्हात वाळवा.

सगळ्यात आधी काय करू?
मिठाची चाचणी. घरात आत्ता असलेल्या धान्यावर आजच करून बघा, खर्च शून्य आहे. पावसाळा सुरू झाला असेल आणि ऊन मिळत नसेल, तर आर्द्रता कमी असलेल्या दिवशी पंख्याखाली पातळ पसरून वाळवा आणि लहान हवाबंद डब्यांत भरा.